चोवीस फाइलींच्या तीन: वाचनालयाच्या वेबसाइटवर घालवलेले अडीच महिने

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वाचनालयात एक मुलगी आली. मुंबईला शिकते, सुट्टीत घरी आली होती. म्हणाली, "काकू, पुस्तक आहे की नाही ते बघून मगच यावं म्हणून स्टँडवर बसून तुमची साइट उघडली. पान पांढरंच. गाडी आली, गाडी गेली, तरी पान पांढरंच." तिला हवं असलेलं पुस्तक कपाटात होतं. ते घेऊन ती गेली, पण माझ्या डोक्यातून ते पांढरं पान जाईना.

आमचं वाचनालय रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. शासनमान्य, 'ब' वर्ग. वेबसाइट सात वर्षांपूर्वी ओळखीच्या एका मुलाने वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या तयार साधनावर करून दिली. तो पुढे नोकरीसाठी बाहेर गेला आणि साइट सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. मी बँकेत होते. कॉम्प्युटरची भीती नाही, पण कोडिंग शिकलेले नाही. मे ते जुलै असे अडीच महिने मी या साइटच्या मागे होते आणि त्यातला बहुतेक वेळ स्टाइलशीटच्या, म्हणजे पानाचा रंग, आकार, मांडणी ठरवणाऱ्या, फाइली कमी करण्यात गेला. गावोगावच्या वाचनालयांच्या, शाळांच्या, देवस्थानांच्या साइटी अशाच असतात: करून देणारा एक, सांभाळणारा भलताच. त्या सांभाळणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे.

माझी भाची पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. ९ मेला रात्री तिला फोन लावला. ती म्हणाली, "मावशी, आधी मोज. मोजल्याशिवाय कशालाही हात लावू नकोस."

मग तिने फोनवरूनच मोजायला शिकवलं. लॅपटॉपवर क्रोम उघडायचं, एफ-१२ दाबायचं, नेटवर्क नावाचा टॅब उघडायचा. तिथे 'डिसेबल कॅश' वर खूण करायची, म्हणजे आधीच साठवलेल्या फाइली मोजणीत घोटाळा करत नाहीत. वेग मुद्दाम 'स्लो फोरजी' वर आणायचा, कारण घरच्या वायफायवर सगळ्याच साइटी पळतात. मग वरच्या गाळणीत फक्त सीएसएस (म्हणजे स्टाइलशीट) निवडायचं आणि पान पुन्हा उघडायचं. माझ्याकडे यादीत २६ फाइली आल्या. भाचीने विचारलं, "लॉगिन करून बघते आहेस का?" होय. "बाहेर पड आणि इन्कॉग्निटोमध्ये, म्हणजे खाजगी खिडकीत, बघ." आकडा २४ झाला. वर्डप्रेसमध्ये लॉगिन असलं की व्यवस्थापकाच्या काळ्या पट्टीच्या फाइलीही येतात. वाचकाला त्या जात नाहीत. तेव्हा मोजायचं ते नेहमी वाचक होऊन.

चोवीस स्टाइलशीट, एकूण वजन ६११ केबी. पेजस्पीड इनसाइट्स या गूगलच्या वेग मोजणाऱ्या साधनावर मोबाइलसाठी तपासलं तर पहिलं अक्षर दिसायला ७.४ सेकंद. पाच वेळा तपासून मधला आकडा घेतला, कारण एकेका वेळी तो एखाद्या सेकंदाने मागेपुढे होतो. वहीत तारीख घालून लिहून ठेवला. ती वही पुढे फार उपयोगी पडली.

पान पांढरं का राहतं, ते भाचीने असं सांगितलं: पंगतीत पानावर सगळे पदार्थ वाढून झाल्याशिवाय कुणी जेवायला सुरुवात करत नाही, तसं ब्राउझरचं आहे. पानाच्या मथळ्याच्या भागात जेवढ्या स्टाइलशीट लिहिल्या असतील, त्या सगळ्या येऊन वाचून होईपर्यंत तो एक अक्षरही रंगवत नाही. मजकूर केव्हाच आलेला असतो, पण रंग, आकार, जागा काय द्यायची हे ठरलेलं नसतं. मीठ आलं नाही म्हणून पंगत खोळंबावी, तशी एका कोपऱ्यातल्या बटणाची फाइल आली नाही म्हणून सगळं पान खोळंबतं. त्यात ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातल्या देवाणघेवाणीसाठी आमचा सर्व्हर जुन्या एचटीटीपी १.१ पद्धतीवर. तिथे ब्राउझर एका सर्व्हरशी एका वेळी साधारण सहाच जोडण्या उघडतो. वाढपी सहा, पदार्थ चोवीस, शिवाय फोटो आणि बाकीच्या फाइली वेगळ्याच.

हे ऐकल्यावर मला वाटलं, उपाय सोपा आहे. चोवीस फाइली एकात चिकटवायच्या. भाचीला न विचारता १२ मेला रात्री मी तेच केलं. एक गोष्ट मात्र बँकेच्या सवयीने आधी केली होती: सीपॅनेलमधून, म्हणजे होस्टिंगवाल्यांनी (ज्यांच्या सर्व्हरवर साइट असते त्यांनी) दिलेल्या नियंत्रणाच्या पानावरून, सगळ्या साइटची झिप आणि डेटाबेसची प्रत काढून पेनड्राइव्हवर घेतली. तुम्हीही ते पहिल्या दिवशीच करा. होस्टिंगवाल्यांकडे बॅकअप असतो असं सांगतात, पण आपल्या हातातली प्रत ती आपली.

चोवीस फाइलींचा मजकूर क्रमाने एका फाइलीत ओतला, मूळ फाइली बंद केल्या आणि पान उघडलं. वरचा मेनू गायब. शोधाचं भिंग, फोनची खूण, सगळ्या चिन्हांच्या जागी रिकामे चौकोन. मजकूर डाव्या कडेला चिकटलेला, साइटचा नेहमीचा पिवळा रंग कुठेच नाही. रात्री साडेअकराला मी एकटी त्या पानाकडे बघत होते. सात वर्षांची साइट मोडली असं वाटून हात गार पडले. झिप होती म्हणून पाऊण तासात सगळं जागेवर आलं.

दुसऱ्या दिवशी भाची रागावली नाही. तिने एकेक कारण सांगितलं, आणि ती कारणं मला सगळ्या कामात सर्वांत मोलाची वाटली, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मेनू गायब झाला तो छपाईच्या फाइलीमुळे. आमचा सभासदत्वाचा अर्ज लोक साइटवरूनच छापून घेतात. छापताना मेनू नको म्हणून एक छोटी स्टाइलशीट होती, आणि तिच्या दुव्यात 'फक्त छपाईसाठी' असं लिहिलेलं होतं. ते लिहिलेलं दुव्यात राहिलं, फाइलीतला मजकूर तेवढा मी उचलला. मग 'मेनू लपव' हा हुकूम पडद्यालाही लागू झाला.

चिन्हांचे चौकोन झाले ते पत्त्यांमुळे. स्टाइलशीटमध्ये फाँटचा किंवा चित्राचा पत्ता बहुधा 'या फाइलीच्या शेजारच्या फोल्डरमध्ये' असा दिलेला असतो. फाइल दुसरीकडे नेली की शेजारही बदलतो.

पान नागडं झालं त्याचं कारण तिसरंच. आमची थीम, म्हणजे साइटचं तयार रूप, दोन भागांत होती: मूळ थीम आणि आपले बदल ठेवण्यासाठी तिच्यावरची चाइल्ड थीम. चाइल्ड थीमच्या फाइलीत पहिल्या ओळीला 'अॅट-इम्पोर्ट' लिहून मूळ थीमची फाइल बोलावलेली होती. जुन्या काळी चाइल्ड थीम अशाच करत. पण इम्पोर्टची ओळ फाइलीच्या अगदी सुरुवातीलाच चालते. तिच्या आधी दुसरा कुठलाही नियम आला की ब्राउझर तिच्याकडे बघतही नाही. माझ्या एकत्र फाइलीत ती ओळ मध्यावर कुठेतरी गेली, आणि मूळ थीम आलीच नाही.

शिवाय एका फाइलीत शेवटचा महिरपी कंस बंद केलेला नव्हता. फाइल वेगळी असताना ते खपून जात होतं, कारण फाइल संपली की ब्राउझर उघडे कंस आपणच बंद करतो. पण तिच्या पाठीमागे दुसरी फाइल चिकटवल्यावर तो उघडा कंस पुढचे नियम गिळत गेला. हा कंस शोधायला डब्ल्यूथ्रीसी या वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेचा फुकट सीएसएस व्हॅलिडेटर कामी आला; ओळ क्रमांकासकट चूक दाखवतो.

"आणि हे सगळं बरोबर जमलं असतं तरी," भाची म्हणाली, "तू वाचकाला ६११ केबीची एक फाइल दिली असतीस. मावशी, गाठोडं बांधण्याआधी घरातलं नको ते काढ."

तिथून कामाची दिशा बदलली. आधी वजाबाकी.

१४ मेपासून रोज संध्याकाळी एक तास मी एकेक फाइल कुणाची आहे ते शोधत गेले. बहुतेक फाइलींच्या पत्त्यात थीमचं किंवा प्लगिनचं (साइटला जोडलेल्या जादा सोयीचं) नाव असतं. वहीत दोन रकाने केले: कुणी आणली, कशासाठी. यादी अशी निघाली की वाचून वाईट वाटलं. पानाच्या वरच्या भागात सरकणाऱ्या चित्रांच्या पट्टीच्या तीन फाइली, शिवाय तिने स्वतःसाठी मागवलेला गूगलचा फाँट वेगळा आणि चिन्हांच्या फाँटची एक प्रत वेगळी. चिन्हांचा तोच फाँट थीमही आणत होती, जुन्या आवृत्तीत. कार्यक्रमांच्या कॅलेंडरच्या चार. आम्ही वर्षाला सातआठ कार्यक्रम करतो. समाजमाध्यमांच्या बटणांच्या दोन. आणि एका पॉपअपच्या दोन; तो पॉपअप अमृतमहोत्सवाच्या वर्षी लावलेला, पुढे त्यातला मजकूर काढला, पण प्लगिन चालूच राहिलं. कुणालाही न दिसणाऱ्या त्या पॉपअपसाठी इतकी वर्षं प्रत्येक वाचक थांबत होता.

पॉपअप त्याच दिवशी काढला. कॅलेंडरऐवजी कार्यक्रमांचं साधं पान केलं, तारीख आणि विषय. बटणांच्या जागी व्हॉट्सअ‍ॅपचा एक दुवा. चित्रपट्टी काढायला मात्र समितीची संमती लागली, कारण तिच्यात माजी अध्यक्षांचे फोटो फिरत. २५ मेच्या मासिक सभेत मी लॅपटॉप नेला आणि मोबाइलचा वेग लावून साइट सगळ्यांसमोर उघडली. सात सेकंद खोलीत कुणी बोललं नाही. मग अध्यक्षच म्हणाले, "ताई, फोटो वेगळ्या पानावर घ्या. पहिल्या पानावर वाचनालयाच्या इमारतीचा एकच राहू द्या." तेवढं आकडे दाखवून झालं नसतं.

प्लगिन काढताना एक लक्षात ठेवा. पानाच्या मजकुरात त्याची खूण चौकोनी कंसात लिहिलेली राहते, आणि प्लगिन गेल्यावर ती खूण जशीच्या तशी वाचकाला दिसते. आमच्या पहिल्या पानावर ती दीड दिवस दिसत होती. आधी पानातली खूण पुसा, मग प्लगिन बंद करा.

२ जूनला चोवीसच्या अकरा फाइली उरल्या होत्या आणि पहिलं अक्षर ४.६ सेकंदांत येत होतं. आतापर्यंत कोडची एक ओळही लिहिलेली नव्हती. ज्यांना कोडला हात लावायची धास्ती वाटते त्यांनी एवढंच केलं तरी वाचकाचा बराचसा त्रास कमी होईल. पुढचे सगळे टप्पे मिळून जेवढे सेकंद वाचले, त्याहून जास्त या एका टप्प्यात वाचले.

उरलेल्या अकरांतल्या चार फाइली कामाच्या होत्या, पण पहिल्या पानाच्या नव्हत्या. संपर्काच्या अर्जाची एक, फोटो मोठा करून दाखवणारी एक आणि ग्रंथसूचीच्या तक्त्याच्या दोन. ज्या पानावर काम आहे त्याच पानावर त्या याव्यात, असं करायचं होतं. वर्डप्रेसमध्ये स्टाइलशीट रांगेत लावायचं एक फंक्शन असतं आणि रांगेतून काढायचं दुसरं. चाइल्ड थीमच्या फंक्शन्सच्या फाइलीत लिहायचं की पान संपर्काचं नसेल तर अमुक नावाची फाइल रांगेतून काढ. ते नाव कुठून आणायचं, यात माझे दोन दिवस गेले. उत्तर पानाच्या सोर्समध्ये, म्हणजे मूळ कोडमध्येच, होतं: दुव्याला जी ओळख दिलेली असते तिच्या शेवटचं 'डॅश सीएसएस' वगळलं की जे उरतं ते नाव.

तरी फाइल निघेना. माझा हुकूम आधी चालत होता आणि प्लगिन नंतर येऊन आपली फाइल रांगेत लावत होतं. हुकुमाला क्रमांक देता येतो. काही न लिहिलं तर तो १० धरला जातो. मी १०० लिहिला, म्हणजे माझी पाळी सगळ्यांनंतर आली, आणि फाइल गेली. त्या रात्री मला फार आनंद झाला होता. दुसऱ्याच दिवशी एक अर्धविराम राहून गेला आणि सगळी साइट बंद पडली, नुसता त्रुटीचा संदेश. अशा वेळी वर्डप्रेस, २०१९ च्या ५.२ आवृत्तीपासून, व्यवस्थापकाला ईमेलने एक सुटकेचा दुवा पाठवतं. तो ईमेल मला आला नाही. साइटवर व्यवस्थापक म्हणून अजून माजी कार्यवाहांचा पत्ता होता. सीपॅनेलच्या फाइल मॅनेजरमधून अर्धविराम घालून मी साइट सुरू केली, पण तो ईमेलचा पत्ता ही मोठी अडचण आहे हे तेव्हा कळलं.

चिन्हांच्या फाँटची फाइलही या टप्प्यात गेली. त्यातली फक्त चार चिन्हं आम्ही वापरत होतो. ती चार एसव्हीजी या हलक्या प्रकारची चित्रं म्हणून थेट पानात घातली. अकरातून पाच गेल्या, पहिल्या पानावर सहा राहिल्या. ३.८ सेकंद.

आता सर्व्हर. ५ जूनला होस्टिंगकडे तिकीट टाकलं, म्हणजे लेखी विनंती नोंदवली: आम्हाला एचटीटीपी २ हवं आहे. ही पद्धत २०१५ मध्ये प्रमाणित झाली. तिच्यात एकाच जोडणीतून अनेक फाइली एकाच वेळी येतात, सहा वाढप्यांची मर्यादा राहत नाही. तीन दिवसांनी उत्तर आलं. जुन्या सर्व्हरवर मिळणार नाही, नव्यावर हलवावं लागेल, आणि हलवण्याची विनंती नोंदवलेल्या ईमेलवरूनच यायला हवी, ओटीपी नोंदवलेल्या मोबाइलवर जाईल. म्हणजे पुन्हा माजी कार्यवाह. ते आता मुलाकडे राहतात आणि त्यांचा जुना नंबर बंद आहे.

यावर उपाय कागदाचाच होता. वाचनालयाच्या लेटरहेडवर अर्ज, अध्यक्ष आणि कार्यवाह दोघांच्या सह्या, गोल शिक्का, नोंदणी प्रमाणपत्राची प्रत आणि संपर्क बदलण्याचा समितीचा ठराव. ठरावासाठी मासिक सभेपर्यंत थांबायला हवं होतं. पण कार्यवाहांनी १५ जूनला तातडीची सभा बोलावली. ठरावात मी एक वाक्य मुद्दाम घालून घेतलं, की यापुढे नोंदणीचा ईमेल व्यक्तीचा नसेल, वाचनालयाचा असेल. सगळं स्कॅन करून पाठवलं. पहिल्यांदा परत आलं, कारण शिक्का पुसट होता. दुसऱ्यांदा मंजूर झालं. नव्या प्लॅनचा फरक १,२०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी २१६, एकूण १,४१६. कोषाध्यक्षांनी आधी लेखी दर मागितला आणि मग व्हाउचर केलं. अडीच महिन्यांतला वाचनालयाचा खर्च एवढाच.

२४ जूनला साइट हलली. त्या आठवड्यात पाऊस असा लागला होता की दिवसातून चारदा वीज जात होती, आणि इन्व्हर्टरवर लॅपटॉप चालवत मी जुन्या आणि नव्या पत्त्यावर साइट आलटून पालटून बघत होते. नवा पत्ता सगळीकडे पोचायला दीड दिवस लागला. वहीत लिहिलं: ३.४ सेकंद.

जुलैचे पहिले दहा दिवस फाँटमध्ये गेले, आणि हा भाग मराठी साइट चालवणाऱ्यांनी नीट वाचावा. आमचा फाँट मुक्ता, मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेने केलेला, वाचायला स्वच्छ. तो गूगलकडून येत होता. म्हणजे ब्राउझर आधी गूगलच्या एका पत्त्यावर जाऊन स्टाइलशीट आणणार, ती वाचून दुसऱ्या पत्त्यावरून फाँट आणणार. दोन नव्या ठिकाणांशी ओळखपाळख करायची, आणि प्रत्येक ओळखीला कमी रेंजमध्ये वेळ जातो. पूर्वी म्हणत की गूगलचा फाँट वाचकाने दुसऱ्या साइटवर आधीच उतरवलेला असतो. आता क्रोम प्रत्येक साइटसाठी वेगळा साठा ठेवतो, त्यामुळे तो फायदा उरलेला नाही. मुक्ताचा परवाना खुला आहे, फाँट आपल्या सर्व्हरवर ठेवायला पूर्ण मुभा आहे. फाइली उतरवल्या, आमच्याच स्टाइलशीटमध्ये फाँटच्या चार ओळी लिहिल्या, एक फाइल कमी झाली.

पण देवनागरी फाँटची फाइल जड असते. जोडाक्षरांच्या कितीतरी आकृत्या तिच्यात असतात. ती हलकी करावी म्हणून मी एका ऑनलाइन साधनात घालून फक्त देवनागरीची मूळ अक्षरं ठेवली. फाइल एकदम लहान झाली. पान उघडलं तर 'ग्रंथालय' मधला ग हलन्त होऊन सुटा उभा, 'क्ष' चे दोन तुकडे, 'दुसर्‍या' मधला अर्धा र भलतीकडे. अक्षरांना क्रमांक असतात, पण जोडाक्षरांच्या आकृत्यांना स्वतःचे क्रमांक नसतात. त्या फाँटच्या आतल्या नियमांनी जुळतात. साधनाने ते नियम आणि त्या आकृत्या दोन्ही टाकून दिल्या होत्या. वाचनालयाच्या साइटवर मराठी अशी तुटलेली बघवेना. मी पूर्ण देवनागरी फाइल परत ठेवली आणि वजन दुसऱ्या मार्गाने कमी केलं: चार जाडींच्या जागी दोनच ठेवल्या, साधी आणि ठळक. कुणाच्या लक्षातही आलं नाही. शिवाय फाँट येईपर्यंत फोनमधल्या देवनागरीत मजकूर दाखव, असं 'स्वॅप' लिहून सांगता येतं. ते नसेल तर क्रोम साधारण तीन सेकंद मजकूर लपवून ठेवतो. आता ही ओळ आमच्या साइटवर आहे, आणि वाचक फाँटची वाट बघत नाही.

२.७ सेकंद. पहिल्या पानावर पाच फाइली: मूळ थीम, तिचीच मोबाइलसाठीची, चाइल्ड थीम, वर्डप्रेसच्या ब्लॉकची आणि छपाईची.

जोडण्याची पाळी आता आली, जे मी १२ मेला आधी करायला गेले होते. या वेळी थेट साइटवर नाही, सबडोमेनवर, म्हणजे त्याच नावाच्या वेगळ्या पत्त्यावर, प्रत करून. मूळ थीम, मग मोबाइलची, मग चाइल्ड थीम, हाच क्रम ठेवला. दोन नियम सारख्याच जोराचे असतील तर नंतरचा जिंकतो, म्हणून क्रम बदलला की रंग आणि जागा बदलतात. इम्पोर्टची ओळ काढली, पत्ते दुरुस्त केले, व्हॅलिडेटरमध्ये घातली. तीन फाइलींची एक झाली. यात मिळालेला वेग बहुतेक इम्पोर्ट गेल्याचा होता, असं भाचीचं म्हणणं आणि मलाही ते पटतं: आधी चाइल्ड थीम उतरेपर्यंत ब्राउझरला मूळ थीम मागवायची आहे हेच कळत नव्हतं, दोन्ही एकीमागे एक येत होत्या. नव्या सर्व्हरवर नुसत्या आकड्याचं ओझं आधीइतकं राहिलेलं नाही.

म्हणून छपाईची फाइल मी वेगळीच ठेवली. तिच्या दुव्यात छपाई लिहिलेलं असल्यामुळे पान रंगवायला ती अडवत नाही. जोडली असती तर दोन फाइली राहिल्या असत्या, आकडा छान दिसला असता, आणि वाचकाला काही मिळालं नसतं.

भाचीने 'कव्हरेज' नावाचं एक साधनही दाखवलं, कुठला नियम वापरला गेला नाही ते लाल रंगात दाखवणारं. ते बघून आणखी छाटायचा मोह होतो. पण ते साधन फक्त त्या क्षणी, त्या पानावर काय वापरलं तेवढं सांगतं. मोबाइलवर मेनू उघडल्यावर लागणारे नियम, अर्ज चुकल्यावर येणारी लाल चौकट, हेही त्याला न वापरलेलेच दिसतात. मी दोनशे ओळी काढल्या आणि मेनू फोनवर उघडायचा बंद झाला, परत घातल्या.

१८ जुलैला खऱ्या साइटवर बदल केला. अध्यक्षांना चार दिवस जुनंच पान दिसत होतं, जुन्या रंगात. फाइलीचं नाव तेच ठेवल्यामुळे त्यांच्या फोनने साठवलेली जुनी फाइलच वापरली. दुव्याच्या शेवटी आवृत्तीचा क्रमांक असतो. स्टाइलशीट बदलली की तो बदला, म्हणजे प्रत्येकाकडे नवी फाइल जाते. मी तो चार दिवसांनी बदलला.

सध्याचा आकडा २.२ सेकंद, स्टाइलशीटचं वजन ७४ केबी. ग्रंथसूचीच्या पानावर अजून पाच फाइली आहेत, कारण तक्त्याच्या दोन तिथे लागतातच. जुन्या फोनवर त्या तक्त्यातला लेखकाच्या नावाचा रकाना पुस्तकाच्या नावावर चढतो, हे एका सभासदाने परवा दाखवलं. ते काम श्रावणात घेणार आहे.

कार्यवाहांच्या कपाटात, ठरावांच्या फाइलीशेजारी, आता दोन कागद ठेवले आहेत. एकावर कुठली स्टाइलशीट कुठून येते आणि कुठल्या पानावर लागते ते. दुसऱ्यावर नोंदणीचा ईमेल कुठला, ओटीपी कुणाच्या मोबाइलवर जातो, डोमेनचं नूतनीकरण कधी. पासवर्ड त्यावर नाहीत. ते बंद पाकिटात अध्यक्षांकडे आहेत.